ड्रॉवरमधल्या सह्या

माझ्या टेबलाला तीन ड्रॉवर आहेत. वरच्यात स्टेपलर, शिक्क्याचं पॅड, ॲसिडिटीच्या गोळ्या. खालच्यात जुनी रजिस्टरं, फेकून द्यायची हिंमत कुणाला होत नाही म्हणून. मधल्याला कुलूप असतं. त्यात नानकटाईचा एक पत्र्याचा डबा आहे आणि डब्यात 47 माणसांच्या सह्या आहेत.

सह्या म्हणजे डोंगल. कागदोपत्री डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, घाईत डीएससी, आणि आमचे क्लायंट म्हणतात 'ती पेनड्राइव्हसारखी सही'. करंगळीच्या दोन पेरांएवढा तुकडा, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोरा ओवायला भोक. प्रत्येकावर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. पट्टीवर आद्याक्षरं, मुदत संपायची तारीख आणि (जाणकारांनी इथं डोळे मिटून घ्यावेत) पिन. निम्म्यांचा पिन एक ते आठ आकडे ओळीनं. टोकन (म्हणजे हेच डोंगल) नवीन येतं तेव्हा तोच असतो आणि तो बदलत बसायला सवड कुणाला आहे?

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब लिहिते. 2006 साली कंपन्यांचे फॉर्म ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं तेव्हा ही वस्तू आमच्या आयुष्यात आली. तेव्हा ती चालवणं हे व्रतच होतं. ठरावीक ब्राउझर, ठरावीक आवृत्तीचं जावा, आणि आधी ड्रायव्हर टाकायचा की आधी टोकन लावायचं यावर ऑफिसात दोन पंथ. सप्टेंबरअखेरच्या रात्री अकरा वाजता 'टोकन नॉट फाउंड' आलं की सर उठून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. मी डोंगल काढून ओढणीला पुसून परत लावायची. पुसल्यानं काही होत नाही हे मलाही माहीत होतं. पण लागायचं.

डब्यातल्या बहुतेकांनी आपली सही कधी बघितलेली नाही. कुरिअरनं पाकीट येतं ते ऑफिसच्याच पत्त्यावर. "मॅडम, तुमच्याकडंच असू द्या, आमच्याकडं पोरं हरवतील," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाकीट फोडतानाच पट्टी कापून ठेवते. फॉर्म तयार झाला की फोन करायचा, "साहेब, बॅलन्सशीट तयार आहे, बघून जाता का?" पलीकडून ठरलेलं उत्तर, "बघायचं काय त्यात, मारून टाका की सही."

एकच जमात डोंगल जिवापाड जपते, ती म्हणजे ठेकेदार. सरकारी निविदांच्या महाटेंडर्स पोर्टलवर युजर आयडी आणि पासवर्ड टाकून भागत नाही. त्यानंतर डोंगल लावावं लागतं, तेव्हाच आतलं दार उघडतं. निविदेचा आकडा शेवटच्या तासात ठरतो आणि तो बाहेर फुटला तर वर्षाची कमाई गेली, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडं येणारा एक ठेकेदार डोंगल बुलेटच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवतो. ऑफिसात येऊन स्वतः लावतो, स्वतः पिन टाकतो, काम झालं की काढून खिशात. पिन टाकताना कीबोर्डवर डावा तळहात आडवा धरतो, परीक्षेत शेजाऱ्यापासून पेपर झाकावा तसा. पूर्वी आम्ही त्याला हसायचो.

आता हसणं का थांबलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची सव्वीस सप्टेंबरची रात्र. ऑडिट रिपोर्टांचा ढीग, सरांचा आवाज बसलेला, आर्टिकलशिपची दोन पोरं वडापाव खात फाइली लावतायत. एका जुन्या क्लायंटची मेल आली, 'बॅलन्स कन्फर्मेशन सोबत जोडलंय'. त्याच कागदाची मी तीन दिवस वाट बघत होते. क्लिक केलं, मेलचं लॉगिन पान आलं, माझा पत्ता आधीच भरलेला. पासवर्ड टाकला. त्यानं मोबाइलवरच्या ॲपमधले सहा आकडे मागितले, तेही टाकले. 'फाइल उपलब्ध नाही.' मी मनात एक शिवी दिली आणि पुढच्या फाइलला लागले.

क्लायंटची मेलपेटी आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेली होती आणि आता माझीही गेली. चार दिवसांनी कोल्हापूरच्या एका पार्टीचा फोन आला. आमच्या एका हळदवाल्या व्यापाऱ्याचे तीन लाख त्यांच्याकडून येणं होतं आणि खात्याचा नंबर बदललाय अशी मेल माझ्या पत्त्यावरून त्यांना गेली होती. "पैसे टाकणारच होतो," ते म्हणाले, "पण मॅडम, तुमची मेल 'काइंडली'शिवाय कधी सुरू होत नाही. ह्यात एकही काइंडली नव्हतं, म्हणून म्हटलं विचारावं."

माझ्या वाईट इंग्रजीनं तीन लाख वाचवले. हसू नका. मी त्या रात्री जेवले नाही.

झोंबलं ते वेगळंच. ऑफिसच्या भिंतीवर 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा कागद मीच चिकटवला आहे, लाल स्केचपेननं दोनदा अधोरेखित करून. आणि मी कुणाला सांगितलाच नव्हता. टाइप केला होता. ते सहा आकडे कसे बनतात हे नंतर कळलं: मोबाइलमधलं ॲप आणि पलीकडची वेबसाइट, दोघांकडं एकच गुपित ठेवलेलं असतं, त्यात घड्याळातली वेळ मिसळून दर तीस सेकंदांनी नवे आकडे निघतात. ते तीस सेकंद आपल्याला कमी वाटतात. मधल्या खोट्या पानाला एक सेकंद पुरतो. ते पान माझा पासवर्ड उचलून खऱ्या वेबसाइटवर टाकत होतं, खरी वेबसाइट आकडे विचारत होती, पान मला विचारत होतं आणि मी सांगत होते. वेबसाइट खरी, आकडे खरे, मीही खरी. खोटा होता तो फक्त मधला निरोप्या.

दिवाळीत भाची आली. ती पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याला एक काळी चपटी वस्तू लोंबत होती. मी ओळखीचं माणूस भेटल्यासारखी म्हणाले, "अगं, तुझ्याकडंपण डोंगल?"

"मावशी, हे डीएससी नाही. ही किल्ली आहे." आणि तिनं माझा लॅपटॉप ओढला.

सिक्युरिटी की म्हणतात तिला. जाडीला दोन रुपयांची नाणी एकावर एक ठेवल्याएवढी, मधोमध सोनेरी गोल. यूएसबीत लावली, पासवर्ड टाकला, तो गोल हिरवा लुकलुकायला लागला आणि त्यावर बोट टेकवायचं. मला वाटलं ठसा घेते. भाची म्हणाली, ठसाबिसा काही नाही, फक्त माणूस हजर आहे ना एवढंच बघते. मी कोपर टेकवून बघितलं. चाललं! (ठसा घेणाऱ्याही मिळतात, महाग असतात. माझी साधी आहे.)

खरी गंमत आतल्या कामात आहे. मेलच्या वेबसाइटशी पहिल्यांदा ओळख करून देताना ही किल्ली एक जोडी बनवते. जोडीतली एक बाजू वेबसाइटला देऊन टाकते, दुसरी स्वतःच्या पोटात ठेवते आणि ती कधीच बाहेर काढत नाही. पुढं दर वेळी वेबसाइट एक नवीन कोडं पाठवते. ब्राउझर त्या कोड्याला आपण सध्या कुठल्या पत्त्यावर आहोत ते चिकटवतो. किल्ली हे सगळं मिळून सही करून परत देते. आता मधला निरोप्या आला तर? त्याच्या पानाचा पत्ता एका अक्षरानं का होईना वेगळाच असणार. सप्टेंबरच्या रात्री अकराला माझ्या डोळ्यांना ते अक्षर दिसत नाही. ब्राउझरला दिसतं. त्या पत्त्यासाठी किल्लीच्या पोटात जोडीच नाही, म्हणून ती गप्प बसते. मी कितीही फसले, कितीही उतावीळ झाले, तरी तिला देता येण्यासारखं काही नसतंच.

भाचीनं पुराव्यादाखल दोन गोष्टी सांगितल्या. गुगलनं 2017 च्या सुरुवातीपासून आपल्या 85,000 हून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि 2018 साली जाहीर केलं की त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगनं (म्हणजे मी फसले तशा खोट्या मेलनं, खोट्या पानानं) गेल्याचं आढळलं नाही. दुसरी मला जास्त भावली. 2022 च्या जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या कर्मचाऱ्यांना खोटे एसएमएस आले आणि तिघांनी खोट्या पानावर खरोखरच पासवर्ड टाकले. इंटरनेटची सुरक्षा विकणाऱ्या कंपनीतली माणसं ही! तरी काही बिघडलं नाही, कारण पुढं किल्ली लागत होती आणि किल्ली टाइप करता येत नाही. त्याच सुमाराला तशाच एसएमएसनी ट्विलिओ कंपनीत मात्र चोर आत शिरले. हे ऐकल्यावर मला सप्टेंबरनंतर पहिल्यांदा नीट श्वास आला. जगातली हुशार माणसंही फसतात, आणि ती फसणारच असं गृहीत धरून कुणीतरी वस्तू बनवली आहे.

पासवर्डाचं असं कधीच नव्हतं. तो जन्मला तोच सांगण्यासारखा. अमेरिकेतल्या एमआयटीत 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूनं एकच मोठा संगणक अनेकांना वाटून वापरायची सोय केली, तेव्हा प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. प्रत्येकाला वेळ मोजून मिळायचा. 1962 साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला तो पुरेना. त्यानं काय केलं, तर पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली, दुसऱ्यांच्या नावानं आत जायला लागला आणि वर यादी इतरांनाही वाटली. पासवर्डाचं बारसं आणि त्याची चोरी एकाच घरात झाली म्हणायची. सांगितलं की दोघांचं होतं, ही त्याची जातकुळी.

वस्तू हातात दिली की प्रश्न मिटला असंही नाही म्हणा. किल्ल्यांच्या आधी सहा आकडे दाखवणारी छोटी यंत्रं होती, मोठ्या कंपन्यांत आणि काही बँकांत. त्यात आरएसए कंपनीची सिक्युरआयडी नावाजलेली. 2011 च्या मार्चमध्ये खुद्द आरएसएमध्येच चोरी झाली. सुरुवात एका कर्मचाऱ्यानं उघडलेल्या एक्सेल फाइलपासून! आकडे ज्या गुपितातून निघतात त्याची प्रत यंत्र बनवणाऱ्याकडं होती, म्हणून कोट्यवधी खिशांतल्या यंत्रांवरचा भरवसा एकाच कपाटापाशी येऊन डळमळला. भाचीच्या किल्लीत वेबसाइटकडं जातो तो अर्धा भाग चोरून उपयोग नाही, दुसरा अर्धा माझ्या पर्समध्ये असतो.

तर मी दोन किल्ल्या घेतल्या. दोन, कारण एक हरवणार हे धरूनच चालायचं. काही हजार गेले; नवऱ्यानं किंमत विचारली तेव्हा मी थोडी कमी सांगितली. एक पर्समध्ये. दुसरी मिरजेला आईकडं, तिच्या गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यात नथीच्या शेजारी. आईनं ती वळवून वळवून बघितली आणि विचारलं, "कुलूप कुठंय ह्याचं?" मी म्हटलं, "अमेरिकेत." तिनं मान डोलावली, जणू असायचंच तिथं.

किल्लीनंतर मागचं दार आठवलं. पासवर्ड विसरलात तर एसएमएस पाठवतो, ही सोय मेलच्या सेटिंगमध्ये तशीच चालू होती. पुढचं दार सागवानी आणि मागं पत्रा! सिमकार्डाची दुसरी प्रत काढून एसएमएस पळवतात हे आपल्याकडं पेपरात रोजचं झालंय. तो पत्रा बंद केला, त्याजागी आणीबाणीचे कोड कागदावर छापून आईच्याच डब्यात ठेवले. माझी बँक अशी किल्ली घेत नाही. तिथं अजून ओटीपीच, तिथं मी पत्ता दोनदा वाचते. आणि हल्ली पासकी म्हणून जे येतं ते याच जातीचं, वेगळी वस्तू न घेता मोबाइललाच किल्ली बनवणारं. ज्यांना पर्समध्ये अजून एक वस्तू नको त्यांनी तेवढं केलं तरी पुष्कळ आहे.

हे सगळं झाल्यावर एका सोमवारी मी मधला ड्रॉवर उघडला आणि डबा बघून बसूनच राहिले.

डीएससीच्या टोकनातही तीच युक्ती आहे. गुप्त किल्ली आतल्या चिपमध्येच जन्मते, बाहेर निघत नाही, ठरावीक वेळा पिन चुकला की टोकन स्वतःला लॉक करून घेतं. फरक एवढा की भाचीची किल्ली प्रत्येक वेबसाइटला वेगळी जोडी देते आणि तिच्यावर नाव कुणाचंच नसतं, तर डोंगलात एकच जोडी असते आणि तिच्यावर माणसाचं नाव कोरलेलं असतं. ती दार उघडते, शिवाय शिक्का मारते. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब असायचं, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे पत्र इथं संपलं, यापुढं कुणी काही घुसडायचं नाही. डिजिटल सहीही तशीच, नंतर एक स्वल्पविराम हलवला तरी ती फुटते. इतकी भक्कम वस्तू. आणि मी ती नानकटाईच्या डब्यात पिनसकट ठेवली होती.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 42. मी मुद्दाम काढून वाचलं. सहीच्या मालकानं आपल्या गुप्त किल्लीवर स्वतःचा ताबा राहील याची वाजवी काळजी घ्यायची, ती गेली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी मालकाची. 47 मालक. त्यातल्या किती जणांना ते मालक आहेत हे माहीत आहे? आपल्याकडं विश्वास म्हणजे किल्ली देणं. गावाला जाताना शेजारी घराची किल्ली ठेवतो, नाही ठेवली तर शेजारी रुसतात. "मॅडम, तुमच्याकडंच असू द्या" यात माझा केवढा मान आहे हे मला कळतं. नको म्हणणं जड जातं ते त्यामुळंच.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण सप्टेंबरात 47 जणांना इथं रांगेत उभं करणार आहात का?" तेही खोटं नव्हतं. मग ठरलं, ज्यांना शक्य आहे त्यांच्यापासून सुरुवात करायची. पट्ट्यांवरचे पिन मी त्याच दिवशी ब्लेडनं खरवडले. काहींनी डोंगल नेले, काहींनी नेऊन आठवड्यात परत आणून दिले, एकानं विचारलं, "आमचं काही चुकलं का?" त्याला चहा पाजावा लागला.

तो हळदवाला व्यापारी बायकोला घेऊन आला, कारण कंपनीत दोनच डायरेक्टर आहेत आणि दुसऱ्या त्या. अकरा वर्षं त्यांच्या नावानं सह्या होतायत. मी त्यांच्या हातात डोंगल दिलं. त्यांनी पदरानं पुसलं, मला बरं वाटलं.

"हे माझं?"

"तुमची सही आहे वहिनी ही."

मी ते लावून सर्टिफिकेट उघडून दाखवलं. पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव, माहेरचं नाही, सासरचं, पण पूर्ण. त्या वाकून बघत राहिल्या. "मागं ह्यांनी मोबाइल समोर धरून नाव सांगायला लावलं होतं, ते ह्याच्यासाठी होय? मला वाटलं बँकेचं काहीतरी." मग जरा थांबून, "आजवर कशाकशावर लागली ही?" व्यापारी खिडकीबाहेर बघायला लागले. मी फाइल काढली. त्यांनी प्रत्येक कागद वाचला असं नाही, पण प्रत्येक कागद उलटला.

पिन बदलायचा होता. जुना टाका, नवा टाका, नवा पुन्हा टाका. आठ-दहा अक्षरांचा ठेवा म्हटलं आणि मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. लाल स्केचपेनचा माझाच कागद समोर होता. मागं एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता, सावकाश, मोजून. मधेच व्यापाऱ्यांनी काहीतरी विचारलं आणि बांगड्या वाजल्या. तळहात आडवा धरला असणार.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. फॉर्म पोचला होता, घरच्या कॉम्प्युटरवर सगळं लावून झालं होतं, सही तेवढी अडली होती.

"काय झालं, टोकन सापडत नाही?" मी विचारलं.

"टोकन सापडतंय हो मॅडम. ही पिन सांगेना. म्हणते, मी फॉर्म वाचून मग टाकते, तुम्ही तिकडं बघा."

"मग बघा की तिकडं," मी म्हटलं.